हीटर लावलेल्या सकाळी

रायपुरात मोहल्ल्याला पारा म्हणतात. तिथल्या तात्यापाऱ्याच्या बाजूला कुणाला पत्ता विचारायचा असेल, तर कौमुदीबाईंना विचारावा. "पुढे जाऊन डावीकडे" असलं मोघम त्या सांगत नाहीत. "पिंपळाच्या आधीची गल्ली, नंतरची नाही. नंतरच्या गल्लीत एक भुरं कुत्रं आहे, ते नव्या माणसाले सोडत नाही," असं सांगतील, आणि विचारणारा बरोबर वळला की नाही हे दिसेपर्यंत फाटकात उभ्या राहतील. त्यांच्या सासरची माणसं भोसल्यांच्या काळात नागपुराहून इकडे आली आणि इथलीच झाली. घरात नागपुरी वळणाची मराठी, कचेरीत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. तिन्ही ठिकाणी कौमुदीबाईंचं बोलणं त्यांच्या निऱ्यांसारखं नेटकं.

त्यांचे यजमान विनायकराव गेले तेव्हा त्यांची पांढरी गाडी विकून टाकावी असं सगळ्यांचं मत पडलं. कौमुदीबाईंनी कुणाशी वाद घातला नाही. रविवारी सकाळी शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपूरच्या ओसाड, रुंद रस्त्यांवर जाऊन त्या गाडी शिकल्या, आणि मग त्याच रस्त्यांनी कचेरीला जाऊ लागल्या. तिकडे जायला बस वेळेवर मिळत नाही, त्यामुळे गाडीत सोबतीही जमले. पुढे बसायचे अनंतराव, बूढापाऱ्यातले, त्याच कचेरीत हिशेब तपासणारे, निवृत्तीला आलेले. मागे श्रावणी, पुण्याहून नोकरीसाठी आलेली तरुण वास्तुविशारद. तिची खोली तेलीबांध्याला, म्हणून ती वाटेत चढायची.

थंडी पडली की या गाडीचा एक रिवाज होता. विनायकराव गाडी शिकले ते मामाच्या जुन्या डिझेल जीपवर, आणि थंडीत इंजिन चांगलं गरम झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही हा त्यांचा नियम होता. जीप गेली, पेट्रोलची गाडी आली, विनायकरावही गेले, नियम मात्र राहिला. सकाळी घराशेजारच्या अरुंद बोळात, दोन भिंतींच्या मध्ये, कौमुदीबाई गाडी सुरू करायच्या. तेवढ्यात अनंतराव यायचे. माकडटोपी, त्यावर मफलर, हातात चहाचा थर्मास. काचा वर करून दोघं आत बसायचे आणि गाडी गरम होईपर्यंत चहा प्यायचे. कचेरीतल्या बदल्या, पाऱ्यातली लग्नं, अनंतरावांचे कान. सगळे विषय त्या चहात निघायचे.

अनंतराव थंडीला फार भ्यायचे. रायपूरची थंडी ती काय, दुपारी माणसं पंखा लावतात. पण अनंतरावांच्या कानात दिवाळीनंतर जो वारा शिरे तो होळीपर्यंत निघत नसे. यंदा त्यांनीच विषय काढला.

"कौमुदीबाई, या गाडीत हीटर नावाची चीज आहे की नाई?"

"आहे. पण कधी लावला नाई."

"लावून तर पाहा. बिचारा हीटर नोकरी लागल्यापासून रजेवरच आहे."

लावला तर गार हवाच आली. कौमुदीबाईंनी गाडी टिकरापाऱ्यातल्या रणजितकडे नेली. रणजित विनायकरावांच्या वेळचा मेकॅनिक. त्यानं बॉनेट उघडलं आणि हसला. हीटरकडे गरम पाणी नेणारे नळ त्यानंच काही वर्षांपूर्वी मधल्यामध्ये जोडून टाकले होते. हीटरची आतली पाण्याची जाळी गळत होती, आणि रायपुरात नवीन जाळी कोण टाकतो.

"इहाँ हीटर कौन चलाता है, दीदी? भैया को बोला था, सीधा जोड़ देता हूँ. भैया बोले, जोड़ दे."

आता त्यानं दुसरी जाळी बसवली, नळ पूर्ववत केले, आणि गाडीत ऊब आली. अनंतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, हे त्या हिवाळ्यातलं पहिलं आश्चर्य.

दुसरं काही दिवसांनी घडलं, आणि ते कौमुदीबाईंशिवाय कुणालाच कळलं नाही. तेलीबांध्याला श्रावणीला घेऊन त्या निघाल्या आणि बरंच पुढे गेल्यावर त्यांच्या मनात आलं, आपण श्रावणीला घेतलं का? आरशात पाहिलं तर ती मागे बसून केस विंचरत होती. तिला घेताना गाडी कुठे थांबवली, ती काय बोलली, काहीच आठवेना. कपाळाच्या आत कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं वाटत होतं.

झोप झाली नसेल, त्या मनाशी म्हणाल्या.

मग एका सकाळी कचेरीत रजिस्टर उघडलं आणि स्वतःच्या सहीला कुठून सुरुवात करतात तेच सुचेना. पेन कागदावर टेकवून त्या बसून राहिल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "क्या हुआ मैडम, तारीख पूछनी है?" त्यांनी हसून मान हलवली. दुपारपर्यंत डोकं हलकं झालं, सही सरसर होऊ लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

कौमुदीबाईंची भीती कशाची होती हे समजायचं तर त्यांच्या आईची गोष्ट सांगायला हवी. अंजनाबाई म्हणजे हुशार बाई, चार घरांचे वाढदिवस तोंडपाठ. एक दिवस गोल बाजारातून नवं पातेलं घेऊन निघाल्या आणि घरचा रस्ताच हरवल्या. ओळखीच्या दुकानदारानं आणून सोडलं. सगळे हसले, अंजनाबाईही हसल्या. तिथून जे सुरू झालं ते पुरतं संपायला वर्षं लागली. दिवेलागण झाली की त्या बिथरायच्या, दाराला कडी घालायच्या, कौमुदीला म्हणायच्या, "बाई, तुम्ही कोण? माझी पोरगी येते आता, तिले सांगीन." कौमुदीबाई स्वतःचं नाव सांगायच्या. आई म्हणायची, "खोटं नका बोलू." शेवटी शेवटी कौमुदीबाई नाव सांगायचं सोडून नुसत्या हात धरून बसायच्या.

ते सगळं आता आपल्या दारात आलं, अशी त्यांची खात्री झाली. आणि घरात होती एकटी लेक ओवी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. एक दिवस ओवीला आपला हात धरून बसावं लागेल, आणि आपण तिला खोटारडी म्हणू. या चित्रापाशी आल्या की त्या उठून काहीतरी काम काढायच्या.

त्या कुणाला बोलल्या नाहीत. स्वतःची परीक्षा मात्र घेऊ लागल्या. पोळ्या लाटताना एकोणिसाचा पाढा म्हणायच्या. आंघोळ करताना सगळ्या मावश्यांची माहेरची नावं, मग सासरची. संध्याकाळी पाढा घडघड यायचा, रविवारी यायचा. कचेरीच्या दिवशी सकाळी, गाडी नवा रायपूरच्या रस्त्याला लागली की सत्तावन्नपाशी अडकायचा.

ओवीच्या लक्षात काही आलंच नाही असं नाही.

"आई, तू सुबह-सुबह पहाड़े क्यों पढ़ती है?"

"तुझ्या पोट्ट्यांले शिकवायचे आहेत न उद्या."

"पहले शादी तो होने दे."

ओवीला मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र हिंदीतच. कौमुदीबाईंना याचं एरवी वाईट वाटायचं. आता वाटायचं, ज्या भाषेत बोलते त्या भाषेत बोलो, मला ती ओळखू आली म्हणजे पुरे.

डिसेंबरच्या मध्यात अनंतराव मुलीकडे बिलासपूरला गेले. कौमुदीबाई एकट्याच बोळात गाडी गरम करत बसू लागल्या. एका सकाळी श्रावणी चढली, दार ओढून घेतलं आणि नाक मुरडलं.

"ताई, कसला तरी वास येतोय गाडीत. जळका."

"मले तर काही येऊन नाई राहिला."

"येतोय हो. धुरासारखा. तुम्ही मघापासून आत बसलाय, तुम्हाला सवय झाली असेल."

त्या वाक्यानं कौमुदीबाईंच्या मनात एकदम दिवा लागला. गाडीतच काही असेल तर? त्या दिवशी कचेरी सुटल्यावर त्यांनी श्रावणीला तेलीबांध्याला सोडलं आणि घरी न जाता गाडी थेट रणजितच्या दारात नेली.

"रणजित, हीटर से कुछ होता है क्या? सिर भारी होना, वगैरह?"

रणजितनं हलगर्जी केली नाही. पायाखालचा गालिचा उचलून हात फिरवला. जाळी गळत असती तर ओला लागला असता, तो कोरडा होता. पुढच्या काचेवर आतून बोट ओढून पाहिलं, तेलकट काही नव्हतं. बॉनेटखालच्या डब्यातलं पाणी जिथल्या तिथे होतं. मग आत बसून हीटर सोडला, हवेच्या झरोक्याला नाक लावलं, बराच वेळ. इंजिनाचा आवाज ऐकला. सगळं नीट.

"गाड़ी एकदम चोख है, दीदी. शक मत करो."

"पक्का?"

"हव. गाड़ी की कोई गलती नहीं."

दुसरं कुणी असतं तर निश्चिंत झालं असतं. कौमुदीबाई मात्र जास्तच घाबरल्या. गाडीची चूक नाही, म्हणजे ती कुणाची हे उघड होतं. परतीच्या वाटेवर त्या अगदी सावकाश आल्या. प्रत्येक वळणाचं नाव मोठ्यानं घेतलं आणि सगळी बरोबर आली. त्यानं धीर आला नाही. आईचीसुद्धा सुरुवातीला बरोबर यायची.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ त्यांनी फोनवर घेतली. ती मिळाली जानेवारीत.

अनंतराव परतले ते गलेलठ्ठ होऊन, मुलीच्या हातचं खाऊन. सकाळचा चहा पुन्हा सुरू झाला. पण आता गप्पा रंगत नव्हत्या. कौमुदीबाईंना वाटे, आपण काही चुकीचं बोलू आणि यांना कळेल. अनंतरावही पूर्वीसारखे बोलत नव्हते. पेला तोंडाला लावून समोरच्या भिंतीकडे पाहत बसायचे आणि गाडी चालू लागली की मान टाकून घोरायचे.

महिनाअखेरीला दाट धुकं पडलं. त्या दिवशी गारठा इतका होता की इंजिन तापायला नेहमीपेक्षा जास्त वेळ द्यावा असं दोघांनाही वाटलं. थर्मास रिकामा झाला तरी ते बोळातच बसून होते. निघाल्यावर अनंतराव लगेच झोपले. तेलीबांध्याला श्रावणी चढली, वास येतो म्हणाली, स्वेटरची बाही नाकाला लावून बसली.

नवा रायपूरचे रस्ते सगळे सारखे. तेच रुंद पट्टे, तीच मधली झाडं, तेच गोल चौक. उजेडातही नवा माणूस तिथे फिरत राहतो. कौमुदीबाईंना ते हाताच्या रेषांसारखे पाठ होते. त्या दिवशी धुक्यातून एक चौक आला, गेला. दुसरा आला. हा आधी पाहिला होता का? पाटी होती, अक्षरं दिसत होती, पण त्यांचा शब्द होईना. त्या वळल्या. पुन्हा चौक आला.

"ताई," मागून आवाज आला. "आपण कुठे चाललोय?"

कौमुदीबाईंनी पुन्हा तेच वळण घेतलं.

"ताई, या चौकाला आपण दुसऱ्यांदा चक्कर मारतोय. ऑफिस मागे राहिलं."

झालं, कौमुदीबाईंना वाटलं. आजचा दिवस तो. पातेलं हातात घेऊन आई अशीच उभी असेल. त्यांना थांबायचं होतं, आणि थांबायला कुठला पाय दाबायचा हे क्षणभर आठवेना. मग पायानं आपलं आपण काम केलं. गाडी कडेला जाऊन हिसक्यानं बंद पडली.

"मले रस्ता नाई सुचून राहिला, श्रावणी," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला.

श्रावणीनं पुढे वाकून अनंतरावांना हलवलं. "काका. काका, उठा जरा." मान नुसती इकडची तिकडे झाली. चेहरा लाल दिसत होता. तिनं खांदा धरून जोरात हलवलं, तेव्हा डोळे उघडले, पण कुणाकडे पाहत नव्हते. पोरीनं मग डोकं लावलं. सगळी दारं उघडली, अनंतरावांना ओढत बाहेर काढलं. ते गवतावर गुडघ्यांवर बसले आणि सगळा चहा उलटून पडला. कौमुदीबाई दुसऱ्या बाजूनं उतरल्या, गाडीला धरधरून आल्या आणि त्यांच्या शेजारी ओल्या गवतात बसल्या. धुक्यात दूर कुठेतरी एक ट्रक गेला. श्रावणीनं बाटलीतलं पाणी दोघांच्या तोंडावर मारलं.

बऱ्याच वेळानं अनंतराव म्हणाले, "पित्त झालं." आणखी थोड्या वेळानं, "टोपी कुठं गेली माझी?"

टोपी मागतायत म्हणजे शुद्धीवर आले, एवढं श्रावणीला कळलं. ती दवाखान्यात चला म्हणत होती; दोघांनीही नको म्हटलं, जरा घाईघाईनंच म्हटलं. शेवटी उरलेला रस्ता तिनं गाडी चालवली. वास नको म्हणून हीटर बंद, सगळ्या काचा खाली. अनंतरावांनी वाऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुपारी डबा खायच्या वेळी अनंतराव कौमुदीबाईंच्या टेबलाशी आले. इकडेतिकडे पाहून खुर्ची ओढली.

"बाई, एक सांगतो. हसू नका."

"सांगा."

"माझं डोकं चाललं आहे. म्हणजे चाललं आहे, निघून. सकाळी बेरीज जमत नाई. आयुष्य बेरजेत गेलं अन परवा पोट्ट्यासारखी बोटं मोजली टेबलाखाली. निवृत्ती जवळ आली, म्हटलं तेवढे दिवस कुणाले समजू नाई."

कौमुदीबाईंनी डब्याचं झाकण खाली ठेवलं. त्यांना हसू आलं नाही, रडू यायला लागलं.

"कधीपासून?"

"थंडी पडली तेव्हापासून. मले वाटलं म्हातारपण. आमच्या घरात सगळ्यांचे पाय आधी जातात, माझंच डोकं आधी जाऊन राहिलं."

"बिलासपूरले कसं होतं?"

"ठणठणीत. नातीचं सगळं गणित करून दिलं."

"सकाळी? की सदासर्वकाळ?"

"सकाळीच तर पेपरातलं कोडं सोडवायचो." ते त्यांच्याकडे पाहू लागले. "काहून?"

मग कौमुदीबाईंनी सांगितलं. श्रावणीला घेतल्याचं विसरणं, सही, सत्तावन्न, आई, सगळं. जे ओवीला सांगितलं नव्हतं ते या मफलरवाल्या माणसाला सांगितलं, कारण तो त्याच खड्ड्यात शेजारी उभा होता. कितीतरी सकाळी दोघं एका गाडीत हाताच्या अंतरावर बसून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते.

"दोघांले एकाच वेळी म्हातारपण येते का, अनंतराव?"

"नवरा-बायकोले येत असेल. आपल्याले काहून येईल?"

"सकाळी आपण दोघं काय करतो, जे ती पोट्टी करत नाई?"

"चहा," अनंतराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. "बायको चहात काही टाकून तर नाई राहिली?"

"तुमच्या बायकोले टाकायचं असतं तर इतकी वर्षं थांबली नसती."

ते हसले. कौमुदीबाई बोळाचाच विचार करत होत्या. दोन भिंती, वर केलेल्या काचा, चालू इंजिन. पण गाडीला रणजितनं निर्दोष ठरवलं होतं. ठरवलं होतं ते संध्याकाळी, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला येऊन तापलेल्या गाडीला. सकाळची गार गाडी त्यानं पाहिलीच नव्हती.

आईचं दिवेलागणीला बिघडायचं, हे त्यांना तेव्हा आठवलं. सकाळी आई सगळ्यात शहाणी असायची; आपलं नेमकं उलटं होतं. इतके दिवस हे डोळ्यांसमोर होतं आणि भीतीनं ते दिसू दिलं नव्हतं.

त्यांनी रणजितला फोन केला. उद्या सकाळी गाडी सुरू करायच्या आधी घरी ये म्हणाल्या.

त्या रात्रीपुरती सुटका वाटायला हवी होती. पण नवी भीती जुनीहून वाईट निघाली. आतापर्यंत निकाल लागला नव्हता. उद्या लागणार होता, आणि रणजितला पुन्हा काही सापडलं नाही तर मग काहीच उरत नव्हतं. अनंतरावांचं पित्तच असेल. चेहऱ्यावर आशा दिसू नये म्हणून त्या ओवीशी नेहमीपेक्षा जास्त बोलल्या.

सकाळी रणजित मोटारसायकलवरून आला. अनंतरावही आले, थर्मास न घेता. रणजितनं बॉनेट उघडून ठेवलं आणि कुणाला आत बसू दिलं नाही. हात घालून त्यानं स्वतःच किल्ली फिरवली, हीटरचा पंखा पूर्ण सोडला.

इंजिन सुरू झालं तसा एक बारीक आवाज येऊ लागला. टिक, टिक, टिक. खिळ्यानं पत्रा ठोकावा तसा.

रणजितनं मान तिरकी केली. "ये उस दिन नहीं था."

"असतो रोज," कौमुदीबाई म्हणाल्या. "तेलीबांध्यापर्यंत बंद होते. मले वाटलं, जुनी गाडी आहे."

रणजितनं देवघरातली उदबत्ती मागितली. ओवी घेऊन आली. तोपर्यंत तिला गाडीचं काही बिघडलंय एवढंच ठाऊक होतं. पेटलेली उदबत्ती तो इंजिनाच्या कडेनं, जिथून जळका धूर नळीत जातो त्या जोडावरून हळूहळू नेऊ लागला. धुराची रेघ सरळ वर जात होती. कौमुदीबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. रेघ सरळच. आणखी पुढे, तरी सरळ. त्यांना वाटलं, नाही सापडणार. मग एका जागी धूर फटकन बाजूला उडाला, कुणी फुंकर मारल्यासारखा. रणजितनं हात मागे घेतला, पुन्हा नेला. पुन्हा उडाला.

"गैसकेट फटा है," त्या जोडातल्या फाटलेल्या पट्टीकडे बोट दाखवत तो म्हणाला. मग बॉनेटच्या मागच्या काठावरून त्यानं बोट फिरवलं. इंजिनाची हवा काचेखालच्या, गाडीत हवा घेणाऱ्या जाळीकडे जाऊ नये म्हणून तिथे रबराची पट्टी असते. ती अर्धीअधिक उंदरांनी खाल्ली होती. त्यानं उदबत्ती तिथे धरली, बॉनेट तिच्यापुरतं उघडं ठेवून खाली आणलं, आणि धुराची रेघ वाकून, घाईघाईनं जाळीतून आत गेली. हीटरच्या पंख्यानं ती तिथे ओढून घेतली होती, जिथे रोज सकाळी दोन माणसं चहा पीत बसायची.

रणजितनं गाडी बंद केली. तो हिंदीत सांगू लागला. पूर्वी हीटरचा पंखा कधी लावलाच जात नव्हता, म्हणून धूर बाहेरच्या बाहेर जायचा. लोखंड तापलं की फुगतं आणि फट मिटते, म्हणून त्या संध्याकाळी त्याला काही मिळालं नाही. धुरातल्या ज्या वायूनं माणूस मरतो त्याला वासच नसतो. "दीदी, थोड़ा और बैठे रहते ना आप लोग," म्हणाला आणि उदबत्ती मातीत खुपसून विझवली.

अनंतराव बोळाच्या भिंतीला टेकून उभे होते. "म्हणजे माझी बेरीज येते," ते म्हणाले.

ओवीनं आईकडे पाहिलं. "कौनसी बेरीज? आई, क्या हुआ था?"

गाडी दुरुस्त झाली, रबर नवं बसलं, बोळातला चहा अनंतरावांच्या ओट्यावर गेला. सकाळचा पाढा शेवटपर्यंत येऊ लागला. तरी कौमुदीबाईंनी डॉक्टरांची वेळ सोडली नाही. ओवी सोबत गेली, कारण आता तिला सगळं ठाऊक होतं.

डॉक्टरांनी पुष्कळ प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, शब्द लक्षात ठेवायला सांगितले. सगळं नीट आलं. विषारी हवेनं झालं होतं ते ओसरलं, म्हणाले. लवकर कळलं हे नशीब. कौमुदीबाई उठल्या नाहीत. ज्यासाठी आल्या होत्या तो प्रश्न अजून तसाच होता. त्यांनी आईचं सांगितलं आणि विचारलं, मला होईल का?

होऊ शकतं, नाहीही होऊ शकत, डॉक्टर म्हणाले. आज नाही.

बाहेर पडून दोघी गाडीत बसल्या. कौमुदीबाईंनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मुझे क्यों नहीं बताया?" ओवी समोर पाहत म्हणाली.

"तुले सांगून काय करू? तू भ्याली असती."

"तो तू अकेली क्यों डर रही थी?" मग ती अडखळत, शब्द जुळवत मराठीत बोलली. "पुन्हा कधी असं वाटलं, तर मले पहिले सांगशील. उसी दिन. दुसऱ्या दिवशी नाई."

पुन्हा कधी वाटणार नाही असं म्हणावं, असं कौमुदीबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते खरं आहे की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

"हव," त्या म्हणाल्या, आणि गाडी सुरू केली.